शेजारच्या नाट्यगृहाचा आवाज (पुन्हा एकदा)

बी-३०४: पावणेअकरा झाले, ढोलकी चालूच. दहाची वेळ ठरली होती ना? हमी कोणी घेतली होती ते सगळ्यांना माहीत आहे. त्यापेक्षा त्या नाटक मंडळाला शनिवार-रविवार हॉल समारंभांना द्यायला सांगा, त्यांना चार पैसे तरी मिळतील.

ए-१०१: पूर्ण पाठिंबा. वर्षाला चार प्रयोग आणि हॉल बारा महिने अडवलेला.

सी-२०२: प्रयोग चार, पण तालमी धरा की. हौशी मंडळी आठवड्याला ३ दिवस जमली तरी दोन अंकांना ८ आठवडे जातात. शेवटच्या ६-७ तालमी रंगमंचावरच हव्यात. दिवाणखान्यात चार पावलांत संपणारी एन्ट्री तिथे नऊ पावलं घेते आणि वाक्य वाटेतच संपतं.

डी-५०१: मागच्या दाराच्या कुलपाबद्दल कोणी बोलणार का?

बी-३०४: काका, विषय आवाजाचा आहे.

ए-४०३: ताई, शनिवारी समारंभ म्हणजे शुक्रवारी रात्री सेट उतरवा. ८ बाय ४ फुटांचे १० फ्लॅट (म्हणजे सेटच्या खोट्या भिंती), मागचे तिरपे टेके, त्यांवरची वजनं. सोडवायला दीड तास, उभारायला तीन. बिजागरीचे स्क्रू सारखे काढले-घातले की भोकं सैल होतात, मग पात्राने दार आपटलं की अख्खी भिंत डुलते. दिव्यांचं तर विचारूच नका. कोणी शिडी लावून झुरमुळ्या बांधल्या की स्पॉट हललाच. समोरून साधारण ४५ अंशांतून चेहऱ्यावर यायचा प्रकाश मागच्या पडद्यावर जातो. १२ दिवे पुन्हा लावायचे तर दोन माणसं हवीत आणि हॉलमध्ये काळोख हवा.

ए-१०१: झुरमुळ्या वर्ज्य, हाहा. मग सजावटीला वेगळा प्लग द्या, एवढं काय.

ए-४०३: त्याच सर्किटवर? १००० वॉटचा एक दिवा २३० व्होल्टला साधारण ४.३ अँपिअर घेतो. १५ अँपिअरवर तीन निभतात, चौथ्याला १७ च्या वर जातं. ब्रेकर लगेच पडत नाही हीच पंचाईत. तापत तापत नंतर पडतो, म्हणजे ऐन रंगात.

ए-१०१: आणि प्रयोगाच्या दिवशी आमच्या गेटसमोर लागणाऱ्या गाड्या?

सी-२०२: गाड्यांचं ए विंगने बोलू नये. तुमची दुसरी गाडी कुठे असते ते आधी लिहा.

सचिव: कृपया वैयक्तिक नको.

डी-५०१: पुन्हा विचारतो. मागचं दार. शिकागोचं इरोक्वॉय थिएटर, ३० डिसेंबर १९०३. दिव्याची ठिणगी पडद्याला लागली, आगरोधक पडदा खाली येताना मध्येच अडकला, बरीच दारं कुलूपबंद. ६०० हून अधिक माणसं गेली. दार बाहेरच्या बाजूला आणि नुसत्या धक्क्याने उघडलं पाहिजे.

ए-१०१: काका, ६०० प्रेक्षक आले तर मंडळ आपल्याला पेढे वाटेल.

डी-५०१: खुर्च्या १२० आहेत. एक दार बंद म्हणजे १२० जण उरलेल्या एका दारातून. हसा.

बी-३०४: थोडक्यात, आवाज आम्ही सहन करायचा.

सी-२०२: नाही हो ताई, तक्रार रास्तच आहे. पण त्यांनी भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, त्याने आतलं घुमणं जरा कमी होतं, बाहेर येणारा आवाज तेवढाच राहतो. तो फटींतून येतो. दाराखालची बोटभर फट आणि आपल्या बाजूचं एक्झॉस्ट पंख्याचं भोक. दाराला चौकटीभर रबरी पट्टी, खाली घासणारी पट्टी, पंख्यावर आतून फोम लावलेली वळणाची पेटी. पेटी सरळ केली तर उपयोग नाही. ढोलकीचा जड ठेका एवढ्यानेही पुरता अडत नाही, म्हणून गाणी आधी आणि साडेनऊनंतर फक्त गद्य तालीम.

बी-१०५: मोठ्या नाट्यगृहात लोक नाटक बघतात आणि घरी जातात. इथे ८ पात्रांमागे २० जण राबतात. प्रॉम्प्टिंग, रंगभूषा, इस्त्री, फ्लॅट रंगवणं, तिकीटखिडकी. सतरा वर्षांची मुलगी साठीच्या गृहस्थांना ‘तुमची एन्ट्री उशिरा झाली’ असं तोंडावर सांगते आणि ते ऐकून घेतात. गावात दुसरी अशी जागा दाखवा, मग खुशाल समारंभांना द्या. प्रायोगिक नाटकांमुळे गाजलेलं दादरचं छबिलदासही शाळेचा हॉलच होता.

ए-१०१: आला छबिलदास. वाटच बघत होतो.

बी-१०५: तुमच्यासाठीच लिहिलं.

सचिव: साडेनऊनंतर वाद्यं बंद, हे त्यांच्याकडून लेखी घेतो. फटींची मापं उद्या संध्याकाळी. भाड्याचा निर्णय त्यांच्या समितीचा, आपला नाही. सी-२०२ आणि ए-४०३ यांनी सोबत यावे.

बी-३०४: लेखी मागच्या वेळीही होतं. असो.

डी-५०१: मापं घ्यायला जाल तेव्हा मागचं दार कुठल्या बाजूला उघडतं तेही बघा.

ए-४०३: बघतो काका. कुलपाची किल्ली कोणाकडे असते?

डी-५०१: तेच तर मी मघापासून विचारतोय.