'अप'मधला कोणता क्षण तुम्हाला सोसवत नाही?

प्रश्न: २००९ चा 'अप' हा ॲनिमेशनपट मुलीबरोबर पुन्हा पाहिला. कार्ल-एलीच्या संसाराची ती बिनसंवादाची मिनिटं लागली आणि मी ढसाढसा रडले. सहलीसाठी पैसे साठवलेली बरणी दर वेळी फुटते: कधी गाडीचा टायर, कधी मोडलेला पाय, कधी घराचं छप्पर. तुमचा गळा कुठे दाटून येतो?

उत्तर १: टेकडी! आधी एली पुढे पळायची, कार्ल मागून धापा टाकत. म्हातारपणी तीच चढताना कोसळते. कार्लने आणलेली सहलीची तिकिटं टोपलीतच राहतात हो.

उत्तर २: मला एलीची साहसांची वही. पुढची पानं कोरीच असणार म्हणून कार्लने कधी उलटलीच नव्हती. उलटतो, तर दोघांच्या संसाराचे फोटो!

उत्तर ३: मायकल जियाकिनोचं संगीत विसरू नका. तीच धून आधी नाचरी, मग नुसत्या पियानोवर. ऑस्कर मिळालंच पाहिजे होतं, मिळालंही.