मदत हवी आहे: 5 फूट 9 इंच, कॉलेज फुटबॉलला चालेल का? (अर्जंट)

फ्रिस्कोकर
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. मुलगा हायस्कूलला फुटबॉल खेळतो, यंदा ज्युनिअर, म्हणजे अकरावीला. चांगला खेळतो, मी बाप म्हणून नाही, सगळेच म्हणतात. परवा कोचने बोलावून सांगितलं की या साइजवर कॉलेजवाले बघणार पण नाहीत. उंची 5 फूट 9 इंच. तेव्हापासून पोरगा धड जेवत नाहीये, म्हणजे उलटंच, नको तेवढं जेवतोय. शनिवारी एका मोठ्या कॅम्पचे पैसे भरायची शेवटची तारीख आहे, 300 च्या वर डॉलर आहेत. भरू का नको? कुणाची मुलं कॉलेजला खेळली असतील तर प्लीज साइज किती लागते तेवढं सांगा. गुगल कर म्हणू नका, तिथे दहा जण दहा गोष्टी सांगतात.

मडगावचो_बाब
साइज बघून फुटबॉल कोण खेळतो मरे? मेस्सी 5 फूट 7 आहे. आमच्या गोव्यात याहून बुटके लोक संतोष ट्रॉफी खेळून गेले. फक्त गोलकीपर असेल तर उंची बघतात. पोराला अनवाणी वाळूवर पळवा, पाय आपोआप तयार होतात.

शेवटचं_बाकडं
बाब, हे हेल्मेटवालं फुटबॉल आहे हो. फ्रिस्को टेक्ससमध्ये आहे, फोंड्यात नाही.

ओहायोची_सून
पोझिशन कोणती??? आणि वजन? नुसती उंची सांगून कसं कळणार. माझा दीर खेळलाय आणि नवरा शनिवारी टीव्हीसमोरून हलत नाही त्यामुळे इच्छा नसताना मला सगळं माहिती झालंय. 5-9 चा रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) आणि 5-9 चा टॅकल (पुढच्या लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा) यात पोपट आणि हत्तीएवढा फरक आहे.

अलाबामा_अण्णा
काही ऐकू नका कोचचं. डेव्हॉन्टा स्मिथ आमच्या अलाबामाचा, वजन 170 पौंडाच्या आसपास, काडीपैलवान, आणि 2020 चा हाइजमन, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, घेऊन गेला. 1991 नंतर पहिल्यांदा रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) मिळाला तो. पुढच्याच वर्षी ब्राइस यंग, क्वार्टरबॅक (पास फेकणारा), रोस्टरवर 6 फूट लिहायचे, एनएफएल या व्यावसायिक लीगच्या कंबाइनला, म्हणजे मोजमाप-चाचणीला, टेप लावली तर 5 फूट 10 आणि वर एक सूत. तरी 2023 च्या ड्राफ्टला (एनएफएल टीम कॉलेजची पोरं निवडतात तेव्हा) पहिला नंबर. 2018 चा हाइजमनवाला कायलर मरी तेवढाच, तोही ड्राफ्टला पहिला. आणखी काय पुरावा पाहिजे? जिगर लागते, साइज नाही. पैसे भरून टाका.

ओहायोची_सून
अण्णा तुम्ही शंभरातले तीन सांगताय, बाकीचे सत्त्याण्णव कुठे गेले ते सांगा की. आणि पोझिशन अजून कळलेली नाही!!

लंगडी_ते_कबड्डी
आपल्याकडे हे फार पूर्वीपासून सोडवलंय. कबड्डीत वजनाची मर्यादाच असते, प्रो कबड्डीला 85 किलो, त्यामुळे निव्वळ मांसाचा फायदा कुणाला नाही. तरी चढाईला वेगळा गडी, कोपऱ्याला वेगळा. कोपरारक्षक खाली वाकून घोटा धरणार, तिथे उंच माणूस ओझं होतो. मध्यरक्षकाला छाती रुंद लागते. अमेरिकेतल्या पोरांना कबड्डी शिकवली तर टॅकलिंग आपोआप सुधारेल असं माझं ठाम मत आहे, यावर मी वेगळा धागा काढला होता, कुणी वाचला नाही.

फ्रिस्कोकर
अरे कबड्डी नको आत्ता. वजन 215 पौंड. आता सांगा.

लॉकररूम
मी मास्टर्स करताना बिग टेन या मोठ्या कॉलेजांच्या लीगमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमच्या इक्विपमेंट रूममध्ये दोन सीझन काम केलंय. पॅड, बूट, जर्सी देणे-घेणे-धुणे. म्हणजे खेळाडू नव्हे, पण कपड्यांची मापं मला पाठ होती. ऑफेन्सिव्ह लाइनच्या (आपल्या चेंडूवाल्याला वाचवणाऱ्या पुढच्या रांगेच्या) पोरांचे बूट 15-16 नंबरचे, बॉक्स रॅकमध्ये आडवा बसत नसे. एकदा लेफ्ट टॅकल माझ्याकडे ग्लोव्ह्ज बदलायला आला, त्याने काउंटरवर हात ठेवला आणि माझा लॅपटॉप दिसेनासा झाला. साडेसहा फूट, 310 पौंड म्हणजे 140 किलो, आणि हा माणूस पहिल्या दहा यार्डात माझ्यासारख्याला सहज मागे टाकेल. हे तोंडावर बघितलं की जिगर वगैरे बोलायला जीभ रेटत नाही.

आता नियम म्हणाल तर ढोबळ असा की चेंडूच्या जितकं जवळ उभं राहायचं तितकी साइज जास्त लागते. टॅकलला उंचीपेक्षाही हात लांब लागतात कारण बाहेरून धावत येणाऱ्याच्या छातीला आधी कोणाचा तळवा लागतो यावर सगळं आहे. टॅकलच्या आतले गार्ड आणि मधोमध उभा राहून चेंडू मागे देणारा सेंटर एकदोन इंच कमी चालतात, पण 290-300 पौंडाखाली मोठ्या शाळा, म्हणजे मोठी कॉलेजं, फोन उचलत नाहीत. समोरच्या डिफेन्सचा मधला नोज टॅकल तर भिंत. तिथून लांब जात जा तशी सूट मिळते. लाइनबॅकर (डिफेन्सच्या लाइनमागचे) पूर्वी जाडजूड असायचे, आता सगळे पासिंग खेळतात म्हणून 225-230 चे पळणारे चालतात. रिसीव्हरला अडवणारे कॉर्नरबॅक 5-10, 5-11 ला चिक्कार, स्लॉटमधले (लाइनच्या जवळ आत उभे राहणारे) रिसीव्हर 5-9 चे पण. रनिंग बॅकला तर बुटकेपणा फायद्याचाच, लाइनमागे दिसतच नाही. बॅरी सँडर्स 5-8 होता, 1988 ला ओक्लाहोमा स्टेटकडून 2,628 यार्ड. कॅन्सस स्टेटचा ड्यूस वॉन 5-5. फक्त हे बुटके सगळे जाड बुंध्याचे, मांड्या बघा त्यांच्या. क्वार्टरबॅकचं वर अण्णांनी सांगितलंच. किकरला कुणी उंची विचारत नाही.

तर आता तिसऱ्यांदा: पोझिशन?

अलाबामा_अण्णा
आरन डोनाल्ड पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीला डिफेन्सिव्ह टॅकल होता, 6-1, 285. लाइनवर खेळूनसुद्धा! 2013 ला डिफेन्सचे मोठमोठे पुरस्कार घेऊन गेला. तुमचा नियम गेला पाण्यात.

लॉकररूम
अण्णा, डोनाल्ड शंभर वर्षांत एखादा. आणि तो "बुटका" म्हणजेसुद्धा यांच्या मुलापेक्षा चार इंच उंच आणि 70 पौंड जड.

फ्रिस्कोकर
सेंटर. मी लिहिलं नव्हतं का? सॉरी, मला वाटलं लिहिलं. तीन वर्षं सेंटर आहे, गेल्या वर्षीपासून व्हार्सिटीला (शाळेच्या मुख्य टीमला) स्टार्टर. समोरचा उंच असला की हा त्याच्या खाली घुसतो, बुटका असण्याचा फायदाच होतो म्हणतो.

ओहायोची_सून
अरे देवा. मग कोच बरोबर बोलला हो दादा.

लॉकररूम
हायस्कूलला ते चालतं. खाली घुसणं खरंच उपयोगी असतं, पण कॉलेजला समोरचा 320 चा माणूस पण खालीच घुसायला शिकलेला असतो आणि तो 100 पौंड जास्त घेऊन घुसतो. जेसन केल्सी सेंटर होता, सगळे त्याला छोटा म्हणायचे, हायस्कूलला लाइनवर नव्हताच, सिनसिनाटीला वॉक-ऑन म्हणून (स्कॉलरशिपशिवाय) गेला, तिथे वजन वाढवून सेंटर झाला आणि 2011 ला एनएफएल ड्राफ्टच्या सहाव्या फेरीत निवडला गेला. पण उंची 6-3. वजन वाढवता येतं, उंची नाही.

कल्याणची_मावशी
वजन वाढवायला डिंकाचे लाडू द्या. तूप, खोबरं, खारीक, डिंक, गूळ. माझा भाचा बारावीला तीन महिन्यांत सात किलो वाढला.

फ्रिस्कोकर
मावशी तो आधीच चार अंडी, दुधात ओट्स, पीनट बटर, रात्री परत भात असं करतोय. कोचने 5000 कॅलरी सांगितल्यात म्हणे. काल रात्री अकराला किचनमध्ये उभा राहून थंड वरण पातेल्यातून प्यायला. बायको रडायची बाकी आहे.

हाडांचा_डॉक्टर
थांबा थांबा. वय? आईवडिलांची उंची? मिशा-दाढी आलीय का? गेल्या वर्षात किती वाढला? हे कुणीच विचारलं नाही.

फ्रिस्कोकर
17 पूर्ण. मी 5-7, बायको 5-2. दाढी आठवड्यातून दोनदा करतो. गेल्या वर्षात पँट बदलल्या नाहीत लांबीला, कंबरेला बदलल्या.

हाडांचा_डॉक्टर
आईवडिलांच्या उंचीची बेरीज सेंटीमीटरमध्ये, मुलगा असेल तर त्यात 13 मिळवा, दोनाने भागा. 170 अधिक 157 अधिक 13, भागिले दोन म्हणजे 170, तुमच्याइतकाच. इकडेतिकडे आठएक सेंटीमीटर. म्हणजे पोरगा अंदाजाच्या पुढे आधीच गेलाय. खात्री हवी तर डाव्या हाताचा एक्स-रे काढून बोन एज, म्हणजे हाडांचं वय, बघतात, पण तुम्ही सांगताय त्यावरून फार वाढ शिल्लक दिसत नाही. आणि वर्षात 80 पौंड वाढवायच्या भानगडीत पडू नका, ती चरबी असेल, गुडघे मागून हिशोब मागतात. मोठ्या कॉलेजांत लाइनची पोरं सरावालासुद्धा दोन्ही गुडघ्यांना ब्रेस लावून उतरतात ती हौस म्हणून नाही.

नागपूरचा_नितीन
मुळात हा खेळ खेळवताच कशाला? डोक्याला मार बसतो. अभ्यास करू द्या.

शेवटचं_बाकडं
आलं. वाटच बघत होतो.

नागपूरचा_नितीन
खरं बोललं की राग येतो. लाइनवर दर खेळीला डोकं आपटतं. एक मोठा फटका नाही, रोजचे छोटे हजार. त्यावर अभ्यास झालेत.

हाडांचा_डॉक्टर
नितीनचं म्हणणं टाकाऊ नाही. फक्त विचारलेलं ते नाही.

पेनसिल्व्हेनियाचे_पाटील
मोठ्या शाळा सोडा, डिव्हिजन थ्री (डी-थ्री, कॉलेज खेळांची तिसरी पातळी) बघा. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते पण मार्क चांगले असतील तर अभ्यासाची मदत मिळते. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, सगळ्यांच्या फुटबॉल टीम डी-थ्री आहेत. तुमच्या टेक्ससमध्ये सॅन अँटोनियोचं ट्रिनिटी आहे. तिथले सेंटर 250-260 चे पण दिसतात. आणि दुसरं म्हणजे नेव्ही, आर्मी, एअर फोर्स यांच्या लष्करी अकॅडमी. ते ऑप्शन (पास कमी, चेंडू घेऊन पळण्यावर भर) खेळत आलेत, लाइनची पोरं तुलनेने हलकी आणि चपळ, पुढे सैन्यात जायचं म्हणून वजनालाही शिस्त. मुलगा सिटिझन आहे का? अकॅडमीला सिटिझनशिप लागते.

फ्रिस्कोकर
मुलगा इथलाच जन्म, सिटिझन आहे. आम्ही ग्रीन कार्डच्या रांगेत, नातवंडांना मिळेल बहुतेक. जीपीए (मार्कांची सरासरी, 4 पैकी) 3.8. पण त्याला डी-थ्री म्हटलं की तोंड वाकडं करतो, मित्र हसतील म्हणतो.

ओहायोची_सून
3.8!!! हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं ना!

लॉकररूम
एक विचारू? तो शॉटगन स्नॅप (थोडं मागे उभ्या क्वार्टरबॅकला चेंडू मागे फेकणे) करत असेलच. पंटसाठीचा, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारणाऱ्या पंटरकडे, लांब स्नॅप करतो का?

फ्रिस्कोकर
हो करतो, दुसरं कुणी नसतं म्हणून. त्याचं काय?

लॉकररूम
त्याचंच सगळं. लाँग स्नॅपर. पायांमधून मागे 15 यार्डांवर उभ्या पंटरच्या हातात चेंडू घालायचा, पाऊण सेकंदात. आमच्याकडे होता तो 6 फूट, 220 चा, लाइनच्या पोरांमध्ये उभा राहिला की त्यांचा धाकटा भाऊ वाटायचा. कॉलेजच्या नियमात किक फॉर्मेशन असताना स्नॅपरला पहिला एक सेकंद धक्का मारता येत नाही, खाली मुंडी घातलेला माणूस म्हणून संरक्षण दिलंय. त्यामुळे तिथे 300 पौंडाची गरज पडत नाही. स्नॅप करून मग पळत जाऊन टॅकल करायचं असतं, 215 ला ते जमतं. मी बघितलं ते असं की या पोराकडे वर्षभर कुणाचं लक्ष जायचं नाही, ज्या दिवशी चेंडू डोक्यावरून गेला त्याच दिवशी अख्ख्या स्टेडियमला नाव कळायचं. 5-9 म्हणजे तिथेही कमीच, खोटं नाही सांगत, पण तिथे आधी घड्याळ बघतात आणि उंची मोजायची टेप नंतर. सेंटर म्हणून टेपच आधी.

अलाबामा_अण्णा
स्नॅपर म्हणजे काय हाइजमन मिळतो का. पोराचं स्वप्न मारताय तुम्ही.

लॉकररूम
अण्णा, सेंटरलासुद्धा नाही मिळत.

लंगडी_ते_कबड्डी
खाली वाकून पायांमधून मागे फेकणे हा प्रकार लगोरीत उपयोगी पडेल.

कल्याणची_मावशी
लाडवाची कृती देऊ का नको?

पेनसिल्व्हेनियाचे_पाटील
कॅम्पचं म्हणाल तर आधी त्यांना ईमेल टाका, स्नॅपर लोकांचा वेगळा गट आहे का विचारा. नसेल तर तो दिवसभर टॅकलच्या रांगेत उभा राहणार आणि फुकट परत येणार. असल्या कॅम्पमध्ये बऱ्याचदा शाळा फक्त पैसे गोळा करतात, ज्यांना घ्यायचंय त्यांना आधीच फोन गेलेले असतात.

फ्रिस्कोकर
अपडेट. ईमेल टाकला, वेगळा गट नाही म्हणाले, पैसे भरले नाहीत. दुसरं, पोराला दाराच्या चौकटीला अनवाणी उभं करून पेन्सिलने खूण केली, बायकोच्या शिवणाच्या टेपने मोजलं. 5 फूट 8 आणि दोन सूत. ते 5-9 बूट घालून होतं. तो आधी गप्प बसला, मग अण्णांचा ब्राइस यंगवाला किस्सा सांगितला तेव्हा हसला. मग मागच्या अंगणात 15 यार्ड मोजले, पंटर मी. पहिला चेंडू माझ्या डोक्यावरून तुळशीवर. पुढचे चार छातीवर आले, अजून दुखतंय. फोनच्या स्टॉपवॉचवर 1.1, 1.05, एकदा 0.96.

लॉकररूम
0.96 घरच्या अंगणात, न शिकता? वाईट नाही. पण बोटाने स्टॉपवॉच दाबू नका, बोट उशीर करतं. बाजूने व्हिडिओ काढून फ्रेम मोजा.

ओहायोची_सून
तुळस वाचली का?

फ्रिस्कोकर
तुळस वाचली, कुंडी गेली. मावशी, कृती टाका, त्याला नाही, मला पाहिजेत लाडू.