मदत हवी आहे: ‘व्हर्टिगो’ला नेमका मराठी किंवा अहिराणी शब्द कोणता?

नमस्कार मंडळी. आम्ही चोपडा तालुक्यातले. परवा पहाटे माय कुशीवर वळली आणि खाटेची दांडी घट्ट धरून ओरडली, “आख्खं घर फिरी ऱ्हायनं!” दवाखान्यात मात्र ती एवढंच म्हणाली, “चक्कर येते.” डॉक्टरांनी आधी बीपी-साखर तपासली, मग विचारलं, “घर फिरतं की डोळ्यांपुढे अंधारी येते?” तेव्हा कुठे कागदावर ‘व्हर्टिगो’ लिहिलं गेलं.

शब्द लॅटिन, ‘व्हर्टेरे’ म्हणजे वळणे, फिरणे यावरून आलेला. आपली ‘चक्कर’ही चक्रातूनच आली, हे मला फार आवडलं. पण इंग्रजी वैद्यकात व्हर्टिगो म्हणजे आपण किंवा भोवताल फिरल्याचा भास, तेवढंच. बोलताना लोक उंचीच्या भीतीलाही तेच म्हणतात, ते वेगळं. आपल्याकडे उपासाने, उन्हाने, अशक्तपणाने काहीही झालं तरी चक्करच!

भोवळ, घेरी, गरगरणं, अंधारी, झोक जाणं यांतला कोणता शब्द तुमच्या घरी नेमका कशासाठी वापरतात? धुळे-नंदुरबारकडच्यांनी जरूर सांगा. पुढच्या तपासणीला मायला तिच्याच शब्दांत नीट सांगता यावं, एवढ्यासाठी विचारतोय.