दुबई ते सॅन फ्रान्सिस्को : पावणेपाच तास की सोळा?

एसटीवाले काका, कोल्हापूर
मंडळी, एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. सहा किलोमीटरला एक टप्पा, विषय संपला. पण लेकीनं पाठवलेल्या तिकिटाचा मेळ काय लागंना. मुंबईहून दुबई, तिथनं सॅन फ्रान्सिस्को. जूनमध्ये निघायचंय. दुबईहून सकाळी ८.३०ला सुटणार आणि त्याच दिवशी दुपारी १.१५ला पोचणार. पावणेपाच तास! एवढ्यात आमची गाडी स्वारगेटलाही टेकायची नाही. लेक म्हणते, अण्णा, सोळा तास धरा. वर म्हणते विमान उत्तर ध्रुवाकडून जातं. नातवाच्या नकाशावर दोरा ताणला, तर तो आफ्रिका, अटलांटिक करत सरळ जातोय. हिचे गुडघे दुखतात, म्हणून नक्की काय ते सांगा.

उजळाईवाडीकर
काका, तिकिटावर त्या त्या गावची वेळ असते. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ दुबईच्या ११ तास मागं (हिवाळ्यात १२). पावणेपाचात ११ मिळवा, पावणेसोळा. लेक बरोबर.

भूगोलाच्या बाई
नकाशा बाजूला ठेवा, फुटबॉल घ्या. कोल्हापुरात घरी नसला तर शेजारी असतोच! दुबई ५५ अंश पूर्व, सॅन फ्रान्सिस्को १२२ पश्चिम. बेरीज १७७, म्हणजे दोन्ही गावं ध्रुवाच्या जवळजवळ समोरासमोर. दुबईपासून ध्रुव ६५ अंश, तिथून खाली उतरायला ५२. एकूण ११७, अंशाला १११ किलोमीटर, झाले १३,०००. तुमच्या दोऱ्याच्या वाटेनं गेलात तर १७,०००च्या आसपास भरेल. वारा आणि कुणाची हवाई हद्द बंद आहे हे बघून प्रत्यक्ष वाट थोडीफार वाकते.

पेठकर
बाईंचं गणित पटलं, पण कमी किलोमीटर म्हणजे कमी वेळ असंही नसतं हं. एअर इंडियानं २०१६ च्या ऑक्टोबरात दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं, तरी साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर. वर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा असतो, तो पाठीशी मिळाला. पंचगंगेच्या पुरात पोहलेल्याला हे सांगायला नको. आणि काकू, कडेची सीट मागून घ्या, मधूनमधून उठता येतं.

एसटीवाले काका, कोल्हापूर
नातवाच्या फुटबॉलवर दोरा लावला. खरंच वरूनच जातोय की! १३,००० म्हणजे २,१६६ टप्पे, वर चार किलोमीटर. एवढं मोठं तिकीट जन्मात फाडलं नाही. हिला वाचून दाखवलं, तर गुडघ्याचं राहिलं बाजूला, पहिला प्रश्न काय, तर त्यात बायकांना हाफ तिकीट हाय का.