शब्दचर्चा: क्षण ‘टिपला’ की ‘गोठवला’?

प्रश्न

आमच्या छायाचित्र मंडळाच्या स्पर्धेत यंदा हिवाळी खेळांचा विभाग ठेवला आहे. गुलमर्गला गेलेल्या सभासदांनी स्कीइंग आणि स्नोबोर्डचे बरेच फोटो पाठवलेत. परीक्षकांसाठी निकष मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि पहिल्याच ओळीला अडले. ‘क्षण गोठवण्याचे कौशल्य’ लिहू की ‘क्षण टिपण्याचे’? शिवाय ‘शार्प’साठी रेखीव, सुस्पष्ट, ठसठशीत यांतला कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद

ताई, पहिले दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. ‘टिपणे’मध्ये निवड आहे. पाखरू दाणा टिपतं म्हणजे मातीखड्यांतून नेमका दाणा उचलतं. नेमबाज लक्ष्य टिपतो. (डोळे टिपणे, टीपकागद, हा शोषून घेण्याचा अर्थ निराळा, तो इथे नको.) ‘गोठवणे’मध्ये फक्त गती थांबते, आणि ते काम शटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उघडझाप करणारा पडदा, करतं.

हिशेब करून बघा. डाउनहिल म्हणजे डोंगरउतारावरच्या वेगाच्या शर्यतीत ताशी १३० किलोमीटर वेग असेल, तर स्कीपटू सेकंदाला सुमारे ३६ मीटर जातो. शटर १/२००० सेकंदावर ठेवलं, तर तेवढ्यात तो जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर सरकतो. झाला क्षण गोठवून. आता कुणी म्हणेल, सेकंदाला वीस फोटो काढणारा कॅमेरा असला की टिपणंही आपोआप होतं. होत नाही! त्या वेगाला दोन फोटोंच्या मधे १.८ मीटर अंतर निघून जातं, आणि हवा असलेला क्षण नेमका त्या फटीत असू शकतो.

वळणावर सगळा भार बाहेरच्या पायातल्या स्कीवर (पट्टीवर) येतो, ती धनुष्यासारखी वाकते, कंबर बर्फाला लागेल इतकी खाली येते आणि कडेखालून बर्फाचा फवारा उसळतो. हा क्षण पुढच्याच घडीला संपतो. दुसऱ्या वळणाकडे जाताना स्की सपाट आणि माणूस जवळजवळ सरळ उभा. तिथला फोटो कितीही स्वच्छ आला तरी त्यात जोर दिसत नाही. अशा फोटोला मी ‘गोठवलेला’ म्हणेन, ‘टिपलेला’ म्हणणार नाही, आणि गुणही कमीच देईन.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत, आणि एक पाऊल पुढे: ‘गोठवणे’ निकषांतून काढूनच टाका. पॅनिंग करणाऱ्यावर त्याने अन्याय होतो. शटर १/३० वर ठेवून कॅमेरा खेळाडूबरोबर फिरवला, की मागची झाडं आणि जाळ्या आडव्या रेघा होऊन जातात, हातपायही थोडे पुसट होतात, पण हेल्मेट आणि गॉगल स्वच्छ राहतो. त्या फोटोत गोठलेलं असं फारसं काही नसतं, तरी वेग अंगावर येतो. अर्थात हेल्मेटही पुसट असेल तर तो फसलेला फोटो. त्याला ‘कलात्मक’ म्हणून सोडू नये.

‘शार्प’बद्दल: ‘रेखीव’ म्हटलं की नाकडोळे, अक्षर, बांधणी डोळ्यांसमोर येते, म्हणजे तो प्रमाणबद्धतेचा शब्द. ‘ठसठशीत’मध्ये मोठेपणा आणि उठाव आहे, कुंकू ठसठशीत असतं, अक्षर ठसठशीत असतं. तुम्हाला ‘सुस्पष्ट’ हवा. पण नुसता लिहू नका, काय सुस्पष्ट हवं ते सांगा: चेहरा किंवा गॉगल, आणि जमलं तर स्कीची बर्फात रुतलेली कड.

प्रतिसाद

बर्फाच्या रंगासाठी ‘पांढराफटक’ हा आपला शब्द जरूर घ्या. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक सगळं मध्यम करड्या छटेकडे ओढतो, म्हणून त्याच्यावर सोडलं तर बर्फ मळकट येतो. उन्हात साधारण एक ते दोन स्टॉप वाढवावे लागतात (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). जास्त वाढवले की कणही दिसत नाहीत आणि स्कीच्या खुणाही, तो पांढराफटक. सावल्या मात्र निळसर असतील तर दोष धरू नका, तिथे आकाशाचाच उजेड पडलेला असतो.

प्रतिसाद

एक शब्द कुणी काढला नाही: ‘थरारक’. परीक्षक याच शब्दाला भुलतात, म्हणून सांगतो. १९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाचा हर्मन मायर डाउनहिलमध्ये हवेत फेकला गेला आणि सुरक्षेच्या जाळ्या तोडून पलीकडे पडला. कार्ल यारब्रो यांनी काढलेला त्याचा हवेतला फोटो जगभर गाजला. मायर काही दिवसांतच सुपर-जी आणि जायंट स्लॅलम या स्कीच्याच दुसऱ्या शर्यतींत दोन सुवर्णपदकं जिंकला, त्यामुळे त्या फोटोला आणखी वजन आलं. पण हे वजन घटनेचं. छायाचित्रकाराचं श्रेय वेगळं मोजायला हवं: माणूस उडेल अशा वळणावर आधीच जागा धरणं, आणि अनपेक्षित घडलं तेव्हाही खेळाडू चौकटीत आणि फोकसमध्ये ठेवणं. तुमच्या स्पर्धेत नुसती पडझड आली, तर ‘थरारक’ म्हणून गुण देऊ नका.

हाफपाइपच्या (अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या घळीतल्या उड्यांच्या) फोटोंत तर हे फार जपावं लागतं. ऑलिंपिकच्या हाफपाइपची भिंत २२ फूट उंच असते. तिचा काठ चौकटीत नसेल, तर निळ्या आभाळातला स्नोबोर्डपटू काठावर हातभर आहे की दोन पुरुष उंच, हे कळायला मार्गच नाही. उलट खालून अगदी रुंद भिंगाने काढलं की छोटी उडीही प्रचंड भासते. म्हणून ‘उंच उडी’ असा निकष न लिहिता ‘उंची वाचता येते’ असं लिहा.

प्रश्नकर्ती

आभार. पहिली ओळ अशी केली आहे: ‘भार, वेग किंवा उंची वाचता येईल असा क्षण टिपलेला असावा, चेहरा किंवा गॉगल सुस्पष्ट असावा, बर्फ मळकट किंवा पांढराफटक नसावा.’ ‘गोठवणे’ आणि ‘थरारक’ दोन्ही काढले. फवाऱ्यासाठी कुणी ‘हिमतुषार’ सुचवलं होतं, पण तुषार म्हणजे मला पाण्याचे बारीक थेंब वाटतात. गुलमर्गच्या भुरभुरीत बर्फाला ‘फवारा’च ठेवते.