दिव्यांची अमावास्या, तिसरा टँकर आणि लष्करी कोर्ट
(घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचा ग्रुप, २४ जुलै २०२५, संध्याकाळ)

सेक्रेटरी (बी-२०३): आज दोनच टँकर मिळाले. तिसरा साडेनऊपर्यंत येतो म्हणालाय. दिवे घासताना नळ सोडून ठेवू नका, हात जोडून विनंती.

रोहन (डी-६०३): अमावास्या नेमकी गुरुवारी आली, त्यामुळे आमची गटारी कालच उरकली. आज फक्त दिवे.

पाटील काका (ए-७०४): *फॉरवर्ड* अतिरेक्यांना साधं कोर्ट कशाला? थेट लष्करी कोर्ट आणि ३० दिवसांत फाशी! सहमत असाल तर १० जणांना पाठवा.

सेक्रेटरी: काका, ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे.

पाटील काका: पाणी येईपर्यंत दुसरं काम काय आहे? सोमवारी हायकोर्टाने ७/११ चे, म्हणजे २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांचे, बाराच्या बारा आरोपी सोडले. यातल्या पाच जणांना २०१५ मध्ये फाशी सुनावली होती. लोकलमध्ये १८० च्या वर माणसं गेली आणि १९ वर्षांनी उत्तर काय, तर निर्दोष. आज सुप्रीम कोर्टाने स्टे दिला म्हणे.

नेहा वहिनी (सी-३०१): स्टे एवढाच, की हा निकाल मोक्काच्या, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या, दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. सुटलेल्यांना परत आत जावं लागणार नाही. आणि बारातला एक २०२१ मध्येच गेला, कोविडने, कैदेत असतानाच.

पाटील काका: तेच म्हणतो मी. अमेरिकेने बघा, उचलून ग्वांतानामोच्या लष्करी तुरुंगात टाकले. वकील नाही, तारीख नाही.

कुलकर्णी काका (बी-५०२): पाटीलसाहेब, तारखा तिथेही आहेत. ९/११ चा सूत्रधार म्हणवला जाणारा खालिद शेख मोहम्मद २००३ मध्ये रावळपिंडीत पकडला. २००९ मध्ये त्यांचं सरकार म्हणालं, न्यूयॉर्कच्या साध्या कोर्टात चालवू. शहर घाबरलं, बंदोबस्ताचा खर्च निघाला वर्षाला २० कोटी डॉलरच्या वर. २०११ मध्ये बेत गुंडाळला आणि खटला परत ग्वांतानामोतल्या लष्करी आयोगाकडे, म्हणजे तिथल्या लष्करी कोर्टाकडे. आज २०२५, खटला अजून सुरूच व्हायचाय. मध्ये गुन्हा कबूल करायचा करार झाला, तोही याच महिन्यात तिथल्या अपील कोर्टाने मोडीत काढला.

रोहन: म्हणजे आपली १९ वर्षं फास्ट ट्रॅकच म्हणायची.

कुलकर्णी काका: थांब, साध्या कोर्टात धोका नाही असं मी म्हणत नाही. घैलानी नावाचा आरोपी होता, १९९८ चे आफ्रिकेतल्या अमेरिकन वकिलातींवरचे स्फोट, २२४ मेले. त्याला २०१० मध्ये न्यूयॉर्कला साध्या कोर्टात उभा केला. २८५ आरोप होते, ज्युरीने २८४ मध्ये सोडला. मुख्य साक्षीदाराचं नाव त्याच्याकडून जबरदस्तीने काढलं होतं, म्हणून न्यायाधीशांनी तो साक्षीदार उभाच राहू दिला नाही.

पाटील काका: बघा! एका आरोपावर किती मिळाली, सहा महिने?

कुलकर्णी काका: जन्मठेप, पॅरोलशिवाय.

पाटील काका: 🤔

कुलकर्णी काका: मी ठाण्याच्या कोर्टात स्टेनो होतो, हे नव्या मंडळींना माहीत नसेल. एका घरफोडीत पंच नऊ वर्षांनी साक्षीला आला. समोर मुद्देमालातला स्क्रू-ड्रायव्हर ठेवला. तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "साहेब, सही माझी आहे, बाकी काही आठवत नाही." ते वाक्य मीच टाइप केलं. आता बॉम्बच्या खटल्यात असे शेकड्याने साक्षीदार धरा. सोमवारच्या निकालातही तेच आहे. टॅक्सीवाले शंभर दिवस उलटल्यावर पुढे आले, ओळख परेड घेणाऱ्याला तो अधिकारच उरला नव्हता, बॉम्ब कुठल्या प्रकारचा हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही, आणि कबुलीजबाबांत मजकूर सारखाच. पोलिसांपुढची कबुली मोक्कात चालते, साध्या खटल्यात चालत नाही. म्हणजे ही सवलत घेऊनही टिकलं नाही. लष्करी कोर्टात हेच कागद गेले असते, फक्त कुणी उलटतपासणी धड घेतली नसती.

नेहा वहिनी: शिवाय आपल्याकडे आर्मी ॲक्ट सैनिकांसाठी आहे. साध्या नागरिकाला त्यात ओढता येत नाही. पाकिस्तानने पेशावरच्या शाळेवरच्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये घटना बदलून ते केलं, २०१९ मध्ये ती मुदत संपली.

पाटील काका: कसाबला तरी कशाला एवढे लाड? चार वर्षं पोसला.

नेहा वहिनी: कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितली ही गोष्ट रचलेली होती, हे सरकारी वकील निकमांनी स्वतःच नंतर सांगितलं.

कुलकर्णी काका: चारच वर्षं, पाटीलसाहेब. नोव्हेंबर २००८ ला पकडला, नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. मध्ये आर्थर रोडमधलं विशेष कोर्ट, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, सगळं झालं. बंदूक हातात असलेला सीएसटीवरचा फोटो होता, म्हणून झालं. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी सुटले, हे कुणी फॉरवर्ड करत नाही. त्यांच्यातल्या एकाने काढलेला आणि मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडलेला म्हणून एक नकाशा दाखवला होता. कपडे रक्ताने माखलेले आणि नकाशावर डाग नाही. बचावाच्या वकिलाने बोट ठेवलं ते नेमकं इथे. त्या वकिलाला निकालाआधीच, फेब्रुवारी २०१० मध्ये, कुर्ल्याच्या ऑफिसात गोळ्या घातल्या. साध्या कोर्टाचा धोका विचाराल तर मला हा सगळ्यात मोठा वाटतो. पण त्यावर लष्करी कोर्ट हा इलाज कसा, सांगा.

शिंदे मावशी (ए-१०२): मी कधी लिहीत नाही इथे. माझा भाऊ माहीमच्या गाडीत होता. प्रमोशन झालं म्हणून जून महिन्यात पहिल्यांदा फर्स्ट क्लासचा पास काढला होता. उजव्या कानाने ऐकू येत नाही, फोन डाव्या कानाला लावतो. त्याचा स्टीलचा डबा पंचनाम्यात गेला तो गेलाच. सोमवारी त्याला फोन केला तर म्हणाला, चुकीचे असतील तर सुटू देत. मग दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, पण कुणीतरी ठेवलाच होता ना गं.

पाटील काका: मावशी, मला हे माहीत नव्हतं.

शिंदे मावशी: तुम्ही का माफी मागताय. तुमच्यासारखंच मलाही दहा वर्षं वाटत होतं.

नेहा वहिनी: मला एवढंच टोचतं. २००८ मध्ये आपल्या गडकरी रंगायतनच्या पार्किंगमध्ये बॉम्ब फुटला, सात जण जखमी झाले. नाटकात देवाची टिंगल आहे म्हणून चिडलेले आरोपी. २०११ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना शिक्षा दिली, चौघं सुटले. तेव्हा ठाण्यात कुणी लष्करी कोर्ट मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

सेक्रेटरी: वहिनी, राजकारण नको, प्लीज. ग्रुप ॲडमिन-ओन्ली करावा लागेल.

पाटील काका: राहू दे रे, बरोबर बोलतायत त्या. मीच त्या आठवड्यात गडकरीला नाटक बघायला जायचो होतो.

(पाटील काकांनी एक मेसेज डिलीट केला.)

रोहन: काका, फॉरवर्ड डिलीट केला की काय? १० जणांना पाठवायचं राहिलं.

पाटील काका: गप रे.

सेक्रेटरी: टँकर गेटवर आलाय! वॉचमन एकटाच आहे, पाइप धरायला दोघं तरी या.

पाटील काका: उतरतोय. कुलकर्णी, तुम्हीही या, ते २८५ चं मला नीट सांगा. एका आरोपावर जन्मठेप कशी बसली?