अफूला गोड नाव देणारे ढोंगी?

चौकटराजा: कँटोनीज (दक्षिण चीनमधल्या कँटन भागातल्या) लोकांनी अफूला नाव दिलं ‘फुक साउ गोउ’, सुखाचा नि दीर्घायुष्याचा लेप. कुत्र्याचं मटण ‘साम लुक’, म्हणजे तीन-सहा; बेरीज नऊ, आणि नऊ नि कुत्रा दोन्ही ‘गाउ’. असा समाज ढोंगीच.

सावित्री_ठाणे: हे वाचून राहवलं नाही. गोड नावाचा फायदा कुणाला झाला ते बघा. १८३९ मध्ये चिनी सम्राटाचे अधिकारी लिन झेशू यांनी कँटनजवळच्या हुमेनला अफूच्या २० हजारांवर पेट्या नष्ट केल्या. १८५८ मध्ये शांघायला ठरलेल्या जकातीत तीच अफू ‘परदेशी औषध’ झाली, दर पिकुलला (साधारण ६० किलोला) ३० ताएल चांदी. हे नाव हमालानं नाही, ब्रिटन आणि चीन, दोन सरकारांनी लिहिलं.

मांडवीकर: आणि माल कुठला? ‘बाक पेइ’, पांढऱ्या सालीची, ही आपल्या माळव्याची अफू. मुंबई बंदरातून जायची, ईस्ट इंडिया कंपनीचा कर चुकवायचा तर पोर्तुगीजांच्या दमणमार्गे. मुंबईचे पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय याच व्यापारात मोठे झाले.

गिरगावकर: दरवेळी जमशेटजींना का ओढता? माझ्या वडिलांचा जीव त्यांच्या नावाच्या जेजे रुग्णालयात वाचला.

मांडवीकर: वाचला, चांगलंच झालं. म्हणून जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश अफू-व्यापारी कंपनीशी केलेला व्यापार पुसला जात नाही. शाळेत आम्हाला ‘दानशूर’ एवढंच शिकवलं, अफूचा उल्लेखही नाही. हेच आपलं ‘परदेशी औषध’!

गिरगावकर: तेव्हा ते कायदेशीर होतं हो!

मांडवीकर: मुंबईत. चीनमध्ये ओढण्यासाठी अफू विकायला १७२९ पासून बंदी होती. दवाखाना मुंबईला मिळाला, व्यसन कँटनला. याचा मला राग येतो, आणि येत राहील.

सावित्री_ठाणे: माझी पणजी लालबागची. गिरणीत पाळीला जाताना तान्ह्याला बाळागोळी द्यायची, नाहीतर ते दिवसभर रडणार. त्यात अफू असायची, पण घरात तो शब्द कुणी काढला नाही. तिला ढोंगी म्हणाल, चौकटराजा? हाँगकाँगमध्ये गर्दुल्ल्याला ‘दोउ याउ’ म्हणतात, एका वाटेचा सोबती. मला त्यात माया दिसते.

चौकटराजा: तुमच्या पणजीला नाही म्हणणार. पण ‘सुखाचा लेप’ विकणारा दुकानदार कँटोनीजच होता, त्याला मी सोडणार नाही.

सावित्री_ठाणे: नका सोडू. फक्त हाँगकाँगमध्ये १९१४ पासून ओढण्यासाठी शिजवलेल्या अफूची मक्तेदारी खुद्द ब्रिटिश सरकारची होती, त्यांनाही त्याच रांगेत उभं करा.

गिरगावकर: सरकारला करा की! जमशेटजींना का?